कोळसाखाणीतून युद्धावर गेलेल्या सैनिकाची स्मृतिनोंद कशी करावी

पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या ब्रिटिश खाणकामगाराची माहिती जमवताना बहुतेक जण आधी लष्करी कागदपत्रे शोधतात आणि तिथेच अडतात, कारण साध्या सैनिकांच्या सेवानोंदींपैकी अर्ध्याहून अधिक नोंदी सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात जळून गेल्या. म्हणून सुरुवात घरापासून करावी. इंग्लंड आणि वेल्समधील १९११ च्या जनगणनेत घरातील प्रत्येकाच्या व्यवसायाबरोबरच विवाहितेला किती मुले झाली आणि त्यांतील किती दगावली, हेही लिहिलेले असते. खाणवस्तीतील घराचे चित्र एवढ्यावरूनही बरेच उभे राहते.

त्यानंतर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची विनामूल्य नोंद पाहावी. १९१७ मध्ये स्थापन झालेला हाच आयोग पुण्याजवळील खडकीची युद्ध दफनभूमीही सांभाळतो. या नोंदीत तुकडी, मृत्यूची तारीख, थडगे किंवा स्मारक आणि अनेकदा आईवडिलांचे नाव-पत्ता मिळतो. थडग्यावर कुटुंबाचा वैयक्तिक मजकूर नसेल, तर त्यावरून घरच्यांच्या मायेविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. त्या मजकुराला ६६ अक्षरांची मर्यादा होती आणि सुरुवातीला दर अक्षरामागे साडेतीन पेन्स मागितले जात.

सेवानोंद जळालेली असली, तरी लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात तुकडीची युद्धदैनंदिनी असते. तीत साध्या सैनिकाचे नाव क्वचितच येते, पण त्या दिवशी तुकडी कुठे होती आणि काय करीत होती, हे कळते. तो सैनिक रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश सैन्याच्या अभियंता दलातील भुयारी कंपनीत असेल, तर ही दैनंदिनी अधिकच बारकाईने वाचावी, कारण १९१५ पासून शत्रूच्या खंदकांखाली सुरुंग पेरणाऱ्या या कंपन्यांमध्ये खाणीतले कसब थेट कामी आले. यॉर्कशायरमध्ये खाणकाम केलेला विल्यम हॅकेट जून १९१६ मध्ये फ्रान्समधील जिव्हाँशी येथे भुयार कोसळल्यावर बाहेर पडू शकत असतानाही जखमी साथीदाराजवळ थांबला आणि तिथेच गाडला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मात्र देह सापडला नाही.

मजकूर लिहिताना पलटणीइतकेच ठळक स्थान खाणीच्या नावाला द्यावे, कारण गावातल्या कामगार सभागृहातील किंवा चर्चमधील नामफलकाशी त्याचा मेळ त्यावरूनच घालता येतो. नावाच्या वर्णलेखनात तफावत आढळली, तर दोन्ही रूपे नोंदवावीत आणि आयोगाच्या नोंदीतच चूक असल्यास जन्मदाखल्यासारखा पुरावा जोडून दुरुस्तीचा अर्ज करावा.