खुणांची भाषा शिकताना नजर चेहऱ्यावर ठेवा

सुरुवात करण्याआधी कोणती सांकेतिक भाषा शिकायची हे ठरवा, कारण ती जगभर एकच नाही. अमेरिका आणि ब्रिटन, दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, तरी तिथल्या सांकेतिक भाषा पार वेगळ्या. मुळाक्षरंसुद्धा अमेरिकेत एका हाताने दाखवतात, ब्रिटनमध्ये दोन्ही हातांनी. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांचीच भाषा घ्या आणि व्हिडिओही तिचेच पाहा.

मुळाक्षरं आठवडाभरात बसतात, पण त्यावर थांबू नका. ती नावं आणि अनोळखी शब्दांपुरतीच लागतात. रोज वीस मिनिटं काढून पाच-सहा खुणा शिका आणि त्याच दिवशी वाक्यात वापरा. सुटे शब्द दोन दिवसांत विसरतात.

प्रत्येक खुणेत पाच गोष्टी तपासा: हाताचा आकार, तळव्याची दिशा, हात कुठे आहे, कसा हलतो आणि चेहऱ्यावर काय आहे. यातली एक बदलली की अर्थ बदलू शकतो. नवशिक्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते चेहऱ्यात. अमेरिकन सांकेतिक भाषेत हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला भुवया वर जातात, ‘कोण’, ‘कुठे’ विचारताना सहसा खाली येतात. भुवया हलल्याच नाहीत तर प्रश्न साधं विधान वाटू शकतो. म्हणून समोरच्याच्या हातांकडे टक लावू नका. नजर चेहऱ्यावर ठेवली की हात आपोआप दिसतात.

मोबाइल समोर ठेवून स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि मूळ व्हिडिओशी ताडून पाहा. एका हाताच्या खुणांसाठी नेहमीचा हात ठरवून घ्या, मध्येच बदलू नका. डावखुरे असाल तर डावा चालतो. तोंडाने बोलत खुणा करण्याची सवयही लावू नका. दोन्ही भाषांचा वाक्यक्रम वेगळा असतो, त्यामुळे बोलण्याच्या ओघात खुणा गळतात आणि समोरच्याला अर्धंच कळतं.

महिनाभरात कर्णबधिर शिक्षक किंवा मित्रमंडळी गाठाच. निव्वळ व्हिडिओवर वेग समजत नाही, आणि चूक दाखवायलाही कुणी नसतं. लक्ष वेधायला हात हलवा किंवा खांद्यावर हलकेच थोपटा. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, चेहरा अंधारात जातो. कळलं नाही तर मान डोलावू नका. ‘परत’ आणि ‘हळू’ या दोन खुणा पहिल्याच दिवशी शिकून ठेवा.