खोली खाली करायची नोटीस आली? आधी कागद बघा

घाबरून सामान बांधू नका. कपाटातला कागद काढा. लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठराविक मुदतीच्या परवाना करारावर) राहताय की पावतीवाले जुने भाडेकरू आहात यावरच पुढचं सगळं ठरतं, आणि लोक नेमके इथेच गोंधळतात.

लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपली की राहायचा हक्क संपला. नाही सोडलं तर मालक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो आणि मुदतीनंतरचे पैसे दुप्पट दराने बसतात. समन्स आलं तर ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागणारं प्रतिज्ञापत्र द्या, ते चुकलं की मालकाचंच म्हणणं धरलं जातं. आणि मालकांनो, करार रजिस्टर करायची जबाबदारी तुमची, नाही केला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते कोर्ट धरून चालतं.

जुन्या भाडेकरूंचं वेगळं. भाडं थकलं म्हणून उद्या दावा लावता येत नाही, आधी लेखी नोटीस, मग ९० दिवस थांबायचं. दावा लागलाच तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, वर वर्षाला १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, पुढचं भाडंही निकालापर्यंत भरत राहिलात, तर थकबाकीवरून घर जात नाही. पोटभाडेकरू ठेवला, सहा महिने जागा विनाकारण बंद ठेवली, मालकाला स्वतःला खरंच गरज आहे, ही कारणं मात्र वेगळी लढावी लागतात.

मालक भाडंच घेत नसेल तर? आमच्या आजीच्या गिरगावातल्या खोलीचं तसंच झालं. ती दर महिन्याला मनीऑर्डर करायची, 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आली की तो कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. वकिलांनी कोर्टात तो डबाच ठेवला आणि थकबाकीचा मुद्दा तिथेच संपला. तुम्ही बँकेतून पाठवा, पण पुरावा ठेवाच, आणि पावती मागा, ती देणं मालकाला बंधनकारक आहे.

मालकाने लाईट-पाणी तोडलं तर तो त्याच कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुलूप बदलून बाहेर काढलं तर लगेच फोटो काढा, पोलिसात लेखी तक्रार द्या आणि ताबा परत मिळवायचा दावा सहा महिन्यांच्या आत लावा, ही मुदत अजिबात चुकवू नका. मुंबईत भाड्याचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात, त्याची मुख्य इमारत धोबी तलावला आहे.