एक्सपोर्टच्या कपड्यामागच्या कामगारांसाठी लढताय? मग या चुका टाळा

मागच्या महिन्यात कॉलेजची दोन मुलं भेटायला आली. मोबाइलमध्ये साकीनाक्याच्या एका गाळ्यातला व्हिडिओ होता, ओव्हरलॉक शिलाई मशीनवर बसलेली बाई सांगतेय की रात्री नऊपर्यंत थांबवतात आणि ओटीचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, पैसे नीट देत नाहीत, मागच्या भिंतीवर लाइन नंबर, टेबलावर परदेशी ब्रँडच्या लेबलांचा गठ्ठा, सगळं स्पष्ट दिसत होतं. "ताई, आज रात्रीच टाकतो." मी म्हटलं, टाकू नका, आधी बसा. मग दोन तास जे बोलणं झालं तेच इथे लिहितेय, कारण मुलं चांगल्या मनाची होती आणि अशा चुका चांगल्या मनाची माणसंच जास्त करतात.

चेहरा ब्लर केला म्हणजे झालं, असं समजणं

गाळ्यात माणसं असतात चाळीस-पन्नास. सुपरवायझर रोज बारा तास त्यांच्या डोक्यावर उभा असतो, त्याला चेहरा लागत नाही, हातातल्या बांगड्या, आवाज, मशीन कुठल्या खिडकीजवळ आहे एवढं बघून तो नाव सांगतो.

ही चूक मी स्वतः केलीय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ताईंच्या मशीनचा फोटो काढला, फक्त मशीनचा, माणूस नाही, आणि एका ग्रुपवर टाकला. कोपऱ्यात टोकन नंबर दिसत होता, तो माझ्या लक्षातच आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गेटवरच सांगितलं, काम नाही, ठेकेदाराला भेटा. अडीच महिने त्या घरी बसल्या. मी माफी मागायला गेले तर त्यांनी चहा केला आणि एकच वाक्य बोलल्या, "मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं ना." तेव्हापासून काहीही बाहेर जाण्याआधी मी त्या माणसाला पूर्ण वाचून दाखवते, आणि ती नको म्हणाली तर विषय तिथेच थांबतो.

आणि एकट्या माणसाला पुढे करू नका. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये याच मुंबईत गिरणी कामगारांचं निवेदन दिलं ते ५,५०० जणांच्या सह्यांनी, आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अशा मागण्या होत्या. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. दहा जणींची सही असली की एकीला वेगळं काढणं अवघड जातं, हे गणित आजही तसंच आहे.

"सगळ्यांना माहितीय" याला पुरावा समजणं

सगळ्यात जास्त केसेस इथे पडतात. पंचिंग मशीन मालकाचं, हजेरी कार्ड मालकाकडे, पगार स्लिप कुठे मिळते कुठे नाही, आणि मिळाली तरी त्यात ओटीचे तास शून्य.

कुर्ल्याच्या एका ताईंना मी विचारलं, काही कागद आहे का हो तुमच्याकडे? म्हणाल्या कागद नाही, कॅलेंडर आहे. आणि भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून काढून माझ्या मांडीवर ठेवलं. आपण प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहितो ना, अर्धा लिटर, एक लिटर, खाडा, त्याच चौकोनात दुधाच्या आकड्याखाली बॉलपेनने बारीक लिहिलं होतं, ९ ते ९, ९ ते ९, ९ ते १०, मध्ये एका ठिकाणी "शिपमेंट, रात्रभर". चार महिने, एकही दिवस न चुकता. आम्ही दोघींनी बसून बेरीज केली. जेवणाचा तास वजा करून रोजचे तीन तास जास्त, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे कमीत कमी ७८ तास ओटी, आणि पैसे मिळत होते सिंगल रेटने, म्हणजे नेहमीच्याच दराने. ओटीला दुप्पट दर हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले त्यातही दुप्पटच आहे. म्हणजे ओटीचा निम्मा पैसा दर महिन्याला मालकाकडेच राहत होता.

हाताने रोजच्या रोज लिहिलेली नोंद, त्याच्यासोबत पगार जमा झाल्याचा बँकेचा मेसेज, "आज थांबायचंय" असा सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप, हे तिन्ही जुळलं की केस उभी राहते. एकदम शेवटी आठवून आठवून लिहिलेली वही मात्र लगेच ओळखू येते, शाई एक, अक्षर एक, तसं करू नका.

दुसरा पुरावा म्हणजे तो कपडा कोणाचा हे. नुसतं ब्रँडचं नाव सांगून भागत नाही, कारण ब्रँड म्हणतो आमची ऑर्डर तिथे नव्हतीच, कोणीतरी परस्पर सबकॉन्ट्रॅक्ट दिलं असेल. म्हणून स्टाइल नंबर (त्या डिझाइनचा नंबर), कार्टनवरचा पीओ म्हणजे खरेदी ऑर्डरचा नंबर, केअर लेबलवरची बारीक अक्षरं आणि तारीख लिहून ठेवा. अमेरिकेला जाणाऱ्या मालावर बरेचदा आरएन नंबर (तिथल्या कंपनीचा नोंदणी नंबर) असतो, त्यावरून तिथली कंपनी सापडते. ओपन सप्लाय हब नावाच्या साइटवर फॅक्टरीचं नाव फुकट शोधता येतं, कुठल्या ब्रँडने तिला आपला सप्लायर म्हणून जाहीर केलंय ते कळतं. मालकाच्या ऑफिसातल्या फायली उचलायला मात्र कामगाराला कधीच सांगू नका, चोरीची केस तिच्यावर होते, तुमच्यावर नाही.

ऑडिटचं सर्टिफिकेट बघून गप्प बसणं

कराचीच्या बलदिया टाउनमधली अली एंटरप्रायजेस ही कपड्यांची फॅक्टरी, ११ सप्टेंबर २०१२ ला आग लागली, २५० पेक्षा जास्त माणसं गेली, खिडक्यांना गज, दारं बंद. त्याच्या काही आठवडे आधीच त्या फॅक्टरीला एसए ८००० सर्टिफिकेट, म्हणजे कामगारांची परिस्थिती ठीक असल्याचं ऑडिटनंतरचं प्रमाणपत्र, मिळालं होतं. पुढच्या वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा कोसळला, १,१०० हून जास्त मृत्यू, आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली पण वरच्या गारमेंटवाल्यांना कामावर बोलावलं. या इमारतीतल्या काही कारखान्यांचीही ऑडिट झालेली होती.

ऑडिटचा दिवस बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. त्या दिवशी जिन्यातले कार्टन हलतात, बंद दार उघडतं, आणि काय उत्तर द्यायचं ते आदल्या संध्याकाळी पाठ करून घेतात. म्हणून ऑडिटच्या दिवशी कसं होतं हे विचारू नका, दुसऱ्या दिवशी काय परत जागेवर आलं ते विचारा.

लगेच बॉयकॉट

राग येतो, मला पण येतो. पण बॉयकॉट म्हटलं की ब्रँड सगळ्यात सोपा रस्ता धरतो, त्या फॅक्टरीची ऑर्डर काढून दुसरीकडे देतो, जाहीर करतो की आम्ही कारवाई केली, आणि इथे तीनशे बायका घरी बसतात. कामगारांनी स्वतः बॉयकॉट मागितला असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर मागणी अशी ठेवा की ऑर्डर चालू ठेवा आणि थकलेले पैसे द्या, दुरुस्ती करा, युनियनशी बोला.

हे होऊ शकतं. कर्नाटकात श्रीरंगपट्टणला गोकलदास या कपडे एक्सपोर्ट करणाऱ्या कंपनीची एक फॅक्टरी जून २०२० मध्ये बंद केली, १,२०० च्या आसपास कामगार, बहुतेक बाया, एचअँडएम या परदेशी ब्रँडचं काम होतं. बाया गेटवर बसल्या, त्यांची युनियन भांडली, बाहेरच्या देशातून ब्रँडवर दबाव आला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कामगारांना परत घेण्याचा करार झाला. बांगलादेशात राणा प्लाझानंतरचा अ‍ॅकॉर्ड, म्हणजे फॅक्टऱ्यांच्या सुरक्षेचा करार, पण चालला तो याच कारणाने, ब्रँड आणि युनियन यांनी सही केलेला, कायद्याने बांधील करार होता, नुसतं वचन नव्हतं.

ब्रँडच्या कस्टमर केअरला दोन पानी मेल

तो मेल कोणी वाचत नाही. एक पान पुरे. फॅक्टरीचा पत्ता, स्टाइल आणि पीओ नंबर, तारखा, किती जणांचे किती पैसे, काय हवंय, आणि कोणावर सूड उगवला तर जबाबदारी तुमची हे शेवटी. कामगारांची नावं नकोत. फ्रान्समध्ये २०१७ ला आणि जर्मनीत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर पुरवठा साखळीची जबाबदारी टाकणारे कायदे आले, म्हणून कंपनीचा तक्रार विभाग शोधून तिथेच पाठवा. आणि एकीकडे बीकेसीच्या कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, लेखी तक्रार द्या, पोच शिक्क्यासकट घ्या. परदेशी मेलच्या भरवशावर इथली तक्रार लांबवायची नाही.

कोऱ्या कागदावर सही

नाही म्हणजे नाही. "फुल अँड फायनल" लिहिलेल्या कागदावर पण वाचल्याशिवाय, हिशोब मांडल्याशिवाय सही नको. पैसे घेताना रक्कम आणि "हक्क राखून" एवढं स्वतःच्या हाताने लिहायला सांगा. मालक तेवढंही लिहू देत नसेल तर उद्या येते म्हणून उठायचं.

घरी बसून काम करणाऱ्या विसरणं

धारावीत, गोवंडीत दारात बसून धागे कापणाऱ्या, बटणं लावणाऱ्या बायांना पीसमागे पैसे मिळतात आणि कुठल्याच रजिस्टरवर त्यांचं नाव नसतं. त्यांच्याकडे माल आणणाऱ्या माणसाचा नंबर आणि गठ्ठ्यावरची चिठ्ठी, एवढं जपून ठेवायला सांगितलं तरी पुढचं काम सोपं होतं.

तक्रार दिली, सुटलो

सूड नेहमी पहिल्या आठवड्यातच येतो असं नाही. दोन महिन्यांनी लाइन बदलतात, टार्गेट वाढवतात, मग दिवसभर हेल्परच्या कामाला उभं करतात, बाई कंटाळून स्वतःच सोडते आणि कागदावर राजीनामा दिसतो. कुर्ल्याच्या ताईंना मी पगाराच्या दिवशी फोन करते, तीनच प्रश्न असतात, मशीन तेच आहे का, टार्गेट किती दिलंय, पैसे किती जमा झाले. त्या उत्तर देतात आणि तिकडे कॅलेंडरच्या चौकोनात लिहून ठेवतात. त्या मुलांनी व्हिडिओ अजून टाकलेला नाही, मागच्या रविवारी ती दोघं नवीन वही घेऊन व्हिडिओतल्या बाईंकडे गेली होती.