सुपरचार्जर बसवा, पण नवतपा धरून

माझं दुकान मोटर वाइंडिंगचं. मार्च ते जून नागपुरातल्या कूलरच्या जळालेल्या मोटरींनी ते भरलेलं असतं, जेवायला फुरसत नसते. त्यामुळे बाबांच्या १९८५ च्या मारुती ८०० चं जे काही केलं ते हिवाळ्यात केलं. आणि तिथंच फसलो, कारण खरी परीक्षा नवतप्यात असते, मेअखेरच्या त्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत.

गाडी पहिल्या पिढीची, एसएस ८०. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर. मे महिन्यात सिग्नलला उभी राहिली की पेट्रोल लाइनमध्येच उकळायचं. मग इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं सावलीत उभं राहा. या कटकटीपायी इंजेक्शनकडे, म्हणजे पेट्रोल दाबानं फवारणाऱ्या पद्धतीकडे, वळलो; सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा बेल्टवरचा पंप, हा नंतरचा शौक. आमचा मिस्त्री म्हणाला होता, "भाऊ, कार्ब्युरेटर चांगलं चालून राहिलं, काहून हात लावता?"

दोन्ही कामं एकदम काढू नका. आधी इंजेक्शन, त्यावर एक अख्खा उन्हाळा, मग सुपरचार्जर. नाहीतर गाडी खोकायला लागली की दोष कोणाचा ते कळत नाही. आणि सगळ्यात आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजा. तिन्ही सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर पैसे इंजिनवर घाला, शौक पुढच्या वर्षी.

इंजेक्शनसाठी जुन्याच मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर), हेडच्या तोंडाशी, ॲल्युमिनिअमचे तीन बुश टिग वेल्डिंगनं बसवून घेतले. हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्यानं ते इंजेक्टरच्या ओ-रिंगच्या मापानं कातून दिले. इंजेक्टर किती मोठा घ्यायचा त्याचा हिशोब सोपा आहे. बूस्टवर, म्हणजे हवा दाबून भरताना, एका हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण ६.३ सीसी पेट्रोल धरा. मला ५२ हॉर्सपॉवर हवे होते, म्हणजे ३२८ सीसी. तिघांत वाटले की १०९. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून १३७. मी १८० चे घेतले आणि क्लीनिंग मशीनच्या काचेच्या नळ्यांत तिघांचा फ्लो सारखा आहे ना, ते डोळ्यांनी बघितलं.

मेकॅनिकल पंप काढून तिथं ब्लँक प्लेट. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खाली. प्रेशर ३ बार, रेग्युलेटरपासून टाकीपर्यंत रिटर्न लाइन. पाइप इंजेक्शनचाच घ्या. कार्ब्युरेटरचा जुना रबरी पाइप ३ बार सोसत नाही, आणि आताचं इथेनॉलचं पेट्रोल त्याला आतून खातं. इंजिन बंद पडलं की पंप बंद झालाच पाहिजे, ते ईसीयूच्या, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या कंप्युटरच्या, रिलेवर सोडा. फायर एक्स्टिंग्विशर सीटखाली.

ईसीयू म्हणून स्पीडुइनो लावला, अर्डुइनो मेगावर चालणारा. इंजिन कुठवर फिरलं ते त्याला कळावं म्हणून क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांची चकती, समोर ते दात मोजणारा हॉल सेन्सर, डिस्ट्रिब्युटरच्या जागी तीन कॉइल. आता वायरिंग, म्हणजे माझा प्रांत. क्रँक सेन्सरची वायर शील्डवाली घ्या आणि शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करा. मी घाईत दोन्ही टोकं अर्थ केली होती. ३००० आरपीएमला गाडी हिचके द्यायची, दोन रविवार पेट्रोलमध्ये दोष शोधत बसलो. दुसऱ्याची मोटर असती तर पाच मिनिटांत सांगितलं असतं!

सुपरचार्जर घेतला ऐसिनचा एएमआर ५००, जुना. एका फेऱ्यात ५०० सीसी हवा ढकलतो. आपलं इंजिन एका फेऱ्यात फार तर ३९८ सीसी ओढतं. म्हणून दोन्ही पुल्या सारख्या ठेवल्या तरी ०.३ बारच्या आसपास बूस्ट मिळतो, आणि मूळ पिस्टनवर तेवढंच पुरे. थ्रॉटल (हवेची झडप) सुपरचार्जरच्या आधी, इंजेक्टर नंतर. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर २.५ बारचा हवा. साध्या सेन्सरला बूस्ट दिसतच नाही. ब्रॅकेट १० मिमी प्लेटचं करा आणि पुल्या एका रेषेत आहेत का ते ताणलेला दोरा लावून बघा. दोन मिमी फरकातही माझा बेल्ट उडाला होता.

ट्यूनिंग डिसेंबरात केलं. सकाळी १२ अंश, गाडी लोण्यासारखी. मग नवतपा आला. मित्राच्या शेतातल्या चढावर पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवाव्यात तसा आवाज आला. मी पाय काढेपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील. प्लग काढला तर पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे ॲल्युमिनिअमचे बारीक कण. मधल्या पिस्टनची रिंग बसते ती कड तुटली होती.

चूक माझीच. हवेच्या तापमानाचा सेन्सर फिल्टरपाशी लावला होता. तो ईसीयूला ४५ सांगत होता, पण असा सुपरचार्जर ०.३ बारला त्या हवेत आणखी पन्नासेक अंश घालतो. इंजिन ९५ ची हवा पीत होतं आणि टाइमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, डिसेंबरचं. म्हणून पेट्रोल शिस्तीत जळायच्या ऐवजी फटकन स्फोटासारखं पेटत होतं; गोट्यांचा आवाज तोच.

आता सेन्सर मॅनिफोल्डमध्ये आहे. बूस्टच्या प्रत्येक पीएसआयला (साधारण ०.०७ बार) १ अंश टाइमिंग मागे, शिवाय हवा ८० ला गेली की आणखी ४, ९५ ला ७. बूस्टमध्ये लॅम्डा ०.८२, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा थोडं जास्त. एअर-फ्युएलचे आकडे बघू नका. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हा हिशोब इथेनॉल मिसळलं की चुकतो. शिवाय दाबलेली हवा थंड करायला पाण्याचा इंटरकूलर बसवला: बाइकचा रेडिएटर पुढच्या जाळीमागे, १२ व्होल्टचा पंप. कूलरचा पंप चालेल का असं दोन पोट्ट्यांनी विचारलं. तो २३० व्होल्टचा असतो, राजेहो.

क्लच आणि ब्रेक नवे करा, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आरटीओचं मात्र ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असा बदल आपल्या मनानं करून रस्त्यावर फिरता येत नाही आणि विमाही अडतो. माझी गाडी त्या शेतातच असते, न्यायची तर टो करून.

यंदाच्या नवतप्यात दुपारी तीनला त्याच चढावर नेली. मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन मॅनिफोल्डमधल्या हवेच्या तापमानाचे आकडे वाचत होता. एकाहत्तर, बाहत्तर, एकाहत्तर. वर पोचल्यावर प्लग काढला. चिनी माती फिकट तपकिरी, कण एकही नाही.