ही पिल्लं किती आयांची?

सांगलीत विश्रामबागला राहते. संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण बाहेरगावी पीएचडी करणारी इथली मुलं सुट्टीला आली की लॅपटॉप घेऊन घरी येतात. दिवाळीत तासगावकडची एक मुलगी आली. ऑटिझमच्या संशोधनातली उंदरांची तीन कप्प्यांची चाचणी तिने केली होती. एका कडेला जाळीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या कडेला नुसती जाळी. मध्ये सोडलेला उंदीर 10 मिनिटांत कुठे किती वेळ हुंगतो ते मोजायचं.

तिचा निष्कर्ष तयार होता: "साध्या गटात फरक सिग्निफिकंट आला, औषधाच्या गटात नाही. म्हणजे औषधाने मिसळणं कमी झालं." इथेच थांबा. सिग्निफिकंट म्हणजे पी 0.05 च्या खाली; आणि पी म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. समजा, साध्या गटातले 12 उंदीर सोबत्याजवळ सरासरी 60 सेकंद जास्त रमले, पी 0.035. दुसऱ्या गटातले 12 उंदीर 45 सेकंद जास्त, पी 0.10. दोन्हीकडे प्रमाणत्रुटी, म्हणजे सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते याचं माप, 25 सेकंदांची. आता 60 आणि 45 यांची थेट तुलना करा: फरक 15 सेकंदांचा, त्याची प्रमाणत्रुटी 35, पी 0.68 च्या आसपास. गट वेगळे आहेत असं म्हणायला हातात काहीच उरत नाही. म्हणून गट आणि बाजू यांचा इंटरॅक्शन, म्हणजे दोन बाजूंमधला फरक गटागणिक बदलतो का, हे तपासायचंच. 2011 मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स' या संशोधनपत्रिकेत या चुकीचा आढावा आला होता. ती होऊ शकेल अशा 157 लेखांपैकी 79 लेखांत ती झालेली निघाली.

पसंतीचा निर्देशांक (सोबत्याजवळचे सेकंद वजा रिकाम्या जाळीजवळचे, भागिले दोन्हींची बेरीज) काढताना मूळ सेकंद शेजारी ठेवा. 100 आणि 20 सेकंद हुंगणारा उंदीर आणि 5 आणि 1 सेकंद हुंगणारा उंदीर, दोघांचाही निर्देशांक 0.67 येतो. दुसरा बहुधा कोपऱ्यात बसून राहिलेला असतो. कुठला उंदीर वगळायचा याचा नियम व्हिडिओ बघण्याआधी लिहून ठेवा. सोबत्याची बाजू आलटूनपालटून ठेवा. तिन्ही कप्प्यांचे सेकंद मिळून 600 च होतात, तेव्हा ते स्वतंत्र आकडे धरू नका.

पण माझा जीव अडकला तो तिच्या एक्सेलमधल्या 24 ओळींत, दर पिल्लाला एक. विचारलं, "ही पिल्लं किती आयांची?"

"सहा."

तिचं औषध, व्हॅल्प्रोइक ॲसिड, तीन गाभण माद्यांना टोचलं होतं, उरलेल्या तिघींना सलाइन. तिच्या घरची द्राक्षबाग आहे. म्हटलं, "तीन झाडांवर एक औषध मारलं, तीन झाडांवर दुसरं, आणि प्रत्येकाचे चार घड तोलले. बाबा 24 झाडांवर प्रयोग केला म्हणतील का?"

"नाही. सहाच झाडं."

एका वेताची पिल्लं एकाच पोटात वाढतात, एकाच आईचं दूध पितात, म्हणून एकमेकांसारखी वागतात. वेताची सरासरी घ्या, नाहीतर मिश्र मॉडेलमध्ये वेत रँडम इफेक्ट म्हणून घाला, म्हणजे वेतावेतांतला फरक हिशेबात येतो. त्याच वेतातली आणखी पिल्लं मोजून भागत नाही. वेतं वाढवावी लागतात. जनुक बदललेल्या उंदरांत एकाच वेतात दोन्ही प्रकारची भावंडं मिळतात, तिथे तुलना भावंडांतच करा.

कुठलं पिल्लू कुणाचं हे तिच्या एक्सेलमध्ये नव्हतं. पिंजऱ्यावरच्या कार्डांचे फोटो मोबाइलमध्ये सापडले. दुपारभर ती नंबर वाचत होती आणि मी 'आई' या नव्या रकान्यात भरत होते.