एकच वॉर्ड, बारा महिने : इंग्लंडमध्ये ग्रीन पार्टीची स्थानिक शाखा चालवताना

२०२५च्या सप्टेंबरमध्ये झॅक पोलान्स्की नेतेपदी निवडून आले आणि पुढच्या काही आठवड्यांत ग्रीन पार्टी ऑफ इंग्लंड अँड वेल्स या पर्यावरणवादी पक्षाची सदस्यसंख्या एक लाखाच्या वर गेली. त्यात आपली मराठी मंडळीही आहेत. कुणी लीड्सला आयटीत आहे, कुणी एनएचएसमध्ये म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, कुणी शिकायला येऊन इथेच स्थिरावलंय. त्यांतले काही जण मला विचारतात, "ताई, सदस्य तर झालो, महिन्याची वर्गणी जाते, आता करायचं काय?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. आणि ज्यांच्या गावातली शाखा नावापुरती उरलीये आणि आता ती त्यांच्याच गळ्यात पडलीये, त्यांच्यासाठीही. मी मूळची सांगलीची, आता वेस्ट यॉर्कशरमधल्या एका शाखेची समन्वयक आहे.

आधी हक्काचं बोलू, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना हेच माहीत नसतं. भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर इथे व्हिसा घेऊन राहणाऱ्या प्रौढ माणसाला कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या) आणि संसदेच्याही निवडणुकीत मत देता येतं. विद्यार्थ्यालाही येतं. कौन्सिलकडून मतदार नोंदणीचं पत्र आलं की "आपण कुठे ब्रिटिश?" म्हणून ते रद्दीत टाकू नका. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत नाव नोंदवता येतं. २०२३पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर मात्र नुसता व्हिसा पुरत नाही, कायमस्वरूपी राहण्याची परवानगी म्हणजे आयएलआर हातात हवा. ही माहिती गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात जरूर सांगा. पक्षाचा प्रचार मात्र तिथे करू नका. मंडळ चॅरिटी म्हणून नोंदलेलं असेल तर त्याला कुठल्याही पक्षाची बाजू घेता येत नाही, आणि तुमच्या उत्साहापायी मंडळ अडचणीत येईल.

आता मुख्य गोष्ट. शाखा नवी असो की जुनी, पहिल्या बैठकीत एकच निर्णय घ्यायचा असतो : कुठला वॉर्ड? एकच. दोन नाही.

याचं कारण इथल्या मतदान पद्धतीत आहे. ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, बाकीच्यांची मतं वाया. १९८९च्या युरोपीय निवडणुकीत ग्रीन पार्टीला सुमारे १५ टक्के मतं पडली आणि जागा मिळाली शून्य. पाठिंबा देशभर पातळ पसरलेला होता. वेस्टमिन्स्टरमधली, म्हणजे ब्रिटिश संसदेतली, पहिली जागा यायला २०१० साल उजाडलं. कॅरोलिन लुकास ब्रायटन पॅव्हिलियनमधून निवडून आल्या, कारण त्या शहरात पक्षानं वॉर्डामागून वॉर्ड बांधत नेला होता. २०२४ला चार खासदार झाले, तेही निवडक चार मतदारसंघांत सगळी ताकद लावून. २०२३च्या मे महिन्यात मिड सफोकमध्ये पक्षाला पहिल्यांदा एका कौन्सिलवर स्पष्ट बहुमत मिळालं. तो भाग शेतीवाडीचा, खेड्यापाड्यांचा. 'ग्रीन म्हणजे विद्यापीठाच्या गावातली मंडळी' असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण द्या.

वॉर्ड निवडताना गणित मांडा. आमच्याकडच्या वॉर्डात साधारण १२ हजार मतदार असतात आणि कौन्सिलच्या निवडणुकीला एक तृतीयांशाच्या आसपास लोक बाहेर पडतात. म्हणजे चार हजार मतं. तिरंगी-चौरंगी लढत झाली तर दीड ते दोन हजार मतांत जागा येते. हा आकडा फळ्यावर लिहिला की बैठकीतले चेहरे बदलतात. हवामान बदलाला थांबवायचं म्हटलं की माणूस दबून जातो, पण वर्षभरात दोन हजार लोकांची ओळख करून घ्यायची म्हटलं की डायरी उघडतो. मागच्या निवडणुकीत आपण निदान दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर होतो, आपले दोन-चार सदस्य तिथेच राहतात आणि चालत फिरता येईल अशी वस्ती आहे, असा वॉर्ड घ्या. बाकीच्या वॉर्डांत नावापुरते उमेदवार उभे करा, म्हणजे तिथल्या लोकांना मतपत्रिकेवर आपला पर्याय दिसेल. त्या उमेदवारांना आधीच स्पष्ट सांगा की तुमचे शनिवार मात्र या एका वॉर्डात खर्च होणार. यावर वाद होतो, चांगली माणसं नाराज होतात. तरीही ठाम राहा.

मग पत्रकं. संसदेच्या निवडणुकीत उमेदवाराचं एक पत्रक टपालानं फुकट घरोघर जातं, कौन्सिलच्या निवडणुकीत तशी सोय नाही. म्हणून सगळं आपल्या पायांनी. दोन-तीन महिन्यांतून एकदा, वर्षभर. दोन बाजूंचं ए-फोर पत्रक, त्यात त्याच वॉर्डातल्या चार बातम्या, गल्लीच्या नावासकट, फोटोसकट. पक्षाचा जाहीरनामा त्यात कोंबू नका. कुठल्या रस्त्यावरची गटाराची जाळी साफ झाली, कुठल्या बसची फेरी बंद होणार आहे, खेळाच्या मैदानाशेजारची झाडं तोडायचा अर्ज आलाय का, हे लोक वाचतात.

वाटपाला जाताना खिशात एक लाकडी उलथनं ठेवा. आमच्या इथल्या घरांच्या दारांना पत्रपेटीची नुसती फट असते, आतून दाट ब्रश आणि वर कडक स्प्रिंगची झडप. हातानं पत्रक ढकललं तर ते चुरगळतं, बोटं सोलवटतात, आणि आत कुत्रा टपून असेल तर त्याहून वाईट. पत्रक उलथन्यावर गुंडाळायचं, झडप त्यानंच उचलायची आणि पत्रक आत पूर्ण सरकवायचं. पत्रक अर्धं बाहेर लटकत ठेवू नका : घरात कुणी नाही हे चोराला दिसतं आणि पावसानं लगदा होतो. प्रत्येक गल्लीचा एक वाटपकरी ठरवा, शक्यतो त्याच गल्लीतला. साठ घरं, अर्धा तास. निवृत्त शिक्षिका, बाबागाडी ढकलणारी आई, कुणालाही जमतं. ज्यांना अनोळखी दार वाजवायला संकोच वाटतो त्यांनाही पक्षात मानाचं काम यामुळेच मिळतं.

दार वाजवणं ही मात्र शाखेची खरी कसोटी आहे, आणि माझं मन त्यातच सर्वांत जास्त रमतं. दोघांनी मिळून जायचं, संध्याकाळी अंधार पडायच्या आत किंवा शनिवारी सकाळी. पहिलं वाक्य साधं : "मी अमुक, तुमच्या वॉर्डातल्या ग्रीन पार्टीकडून. या भागात कौन्सिलनं काय सुधारावं असं तुम्हाला वाटतं?" मग गप्प बसायचं. नव्या माणसाला हे गप्प बसणंच जमत नाही, तो कार्बनवर बोलायला लागतो. समोरचा ओल आलेल्या भिंतीबद्दल बोलेल, हीटिंगच्या बिलाबद्दल बोलेल, शाळेसमोर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्यांबद्दल बोलेल. हे पर्यावरणच आहे. घराला चांगलं इन्सुलेशन झालं की ओल जाते, बिल उतरतं आणि गॅसही कमी जळतो. हे त्याच्या भिंतीवरून सांगा, आकडेवारीवरून नको.

आमच्या भागात पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरकडून आलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. एका दारात एक आजोबा इंग्रजीत "नो, थँक यू" म्हणून दार लावत होते. मी हिंदीत सलाम केला, "चाचाजी, दो मिनट." दार उघडं राहिलं. सुनेला दम्याचा त्रास, खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी, घरमालक फोन उचलत नाही. हे सगळं त्यांनी आधी कुठल्याच पक्षाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी त्यांना समजेल अशा भाषेत विचारलंच नव्हतं. आपल्याला हिंदी येते, मोडकीतोडकी का होईना उर्दू कळते. मराठी माणसानं आपल्या शाखेला देण्यासारखी ही मोठी गोष्ट आहे, ती लाजून घरी ठेवू नका.

पुराचंही तसंच. २०१५च्या २६ डिसेंबरला कॅल्डर नदी हेब्डन ब्रिज, मायथमरॉइड या गावांत घराघरांत शिरली. त्या खोऱ्यातली माणसं अजून पाऊस वाढला की नदी बघायला जातात. सांगलीत २००५ आणि २०१९ला कृष्णेनं काय केलं ते मला माहीत आहे. भिंतीवरची चिखलाची रेघ कितीही घासली तरी रंगाखालून वर येते, हे मी म्हटलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. डोंगरमाथ्यावरचं पीट बॉग, म्हणजे पाणी धरून ठेवणारी दलदल, जपलं, ओढ्यांत लाकडाचे छोटे बांध घातले तर पाणी खाली सावकाश येतं, यावर मग आम्ही दारातच अर्धा तास बोलतो.

ऐकलेलं लिहून घ्या, आणि इथे शिस्त हवी. नोंदणीकृत पक्ष म्हणून आपल्याला पूर्ण मतदार यादी मिळते. कोण नक्की आपला, कोण कुंपणावर, कोणाची काय तक्रार, एवढंच नोंदवा. माणसाचं राजकीय मत ही कायद्यानं संवेदनशील माहिती आहे. ती पक्षाच्या अधिकृत प्रणालीतच राहिली पाहिजे, कुणाच्या खासगी एक्सेलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही.

तक्रारीचा पाठपुरावा हाच खरा प्रचार. तुंबलेली जाळी असेल तर फोटो काढा, कौन्सिलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, आलेला क्रमांक त्या घरी चिठ्ठीवर लिहून टाका. काम झालं की परत जा. नाही झालं तरी परत जा. माहिती दडवली जातेय असं वाटलं तर पर्यावरणविषयक माहितीच्या २००४च्या नियमांखाली लेखी मागा, २० कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नदीत सोडलेलं सांडपाणी, रस्त्यावरच्या हवेची मोजणी, झाड तोडण्यामागचा अहवाल, सगळं त्यात येतं. झाडाला धोका दिसला तर वृक्षसंरक्षण आदेशासाठी कौन्सिलच्या वृक्ष अधिकाऱ्याला लगेच लिहा, करवत आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. शेफील्डमध्ये रस्त्याकडेची हजारो निरोगी झाडं तोडली गेली, लोक वर्षानुवर्षं झाडांखाली उभे राहिले, ग्रीन नगरसेविका ॲलिसन टील यांना कोर्टात खेचलं गेलं. शेवटी २०१८ला तोड थांबली आणि २०२३च्या चौकशी अहवालानंतर कौन्सिलनं माफी मागितली. ती लढाई पक्षाची नव्हती, गल्लीतल्या लोकांची होती. पक्ष त्यांच्या शेजारी उभा राहिला, पुढे नाही. शाखेनं नागरिकांच्या आंदोलनात असंच जावं, झेंडा घरी ठेवून.

बैठकीबद्दल थोडंसं. महिन्यातून एक, दीड तास, वाचनालयाची खोली किंवा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं मीटिंग हाउस. बैठक चालवणारा आणि समन्वयक वेगळे असावेत. आधी एकमताचा प्रयत्न करा, नाहीच झालं तर हात वर. ग्रीन पार्टीत नगरसेवकांवर व्हिप नसतो, धोरण परिषदेत सदस्य ठरवतात. याचा अर्थ प्रत्येकानं प्रत्येक विषयावर बोललंच पाहिजे असा होत नाही. गाझा, अणुऊर्जा, पक्षातले वाद यांवर माणसं पोटतिडकीनं बोलतात आणि बोलावंच. त्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा. मासिक बैठकीतून प्रत्येक जण पुढच्या शनिवारचं एक काम घेऊन उठला पाहिजे. नवीन सदस्याला आठवड्याच्या आत फोन करा आणि त्याची गल्ली त्याच्या हातात द्या. नुसता स्वागताचा ईमेल गेला तर तो माणूस परत दिसत नाही.

कागदपत्रं सोपी आहेत, वेळेचं भान मात्र हवं. कौन्सिलच्या उमेदवारीला अनामत रक्कम लागत नाही, त्यामुळे डिपॉझिट जप्त होण्याची भीती नाही. सूचक आणि अनुमोदक म्हणून त्याच वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या, संमतीपत्र, घरच्या पत्त्याचा फॉर्म आणि पक्षाचं अधिकृतपत्र, हे सगळं मतदानाच्या १९ कामकाजी दिवस आधी दुपारी चारपर्यंत हातोहात पोहोचलं पाहिजे. चार म्हणजे चार. खर्चाची मर्यादा ९६० पौंड अधिक दर मतदारामागे ८ पेन्स, म्हणजे १२ हजारांच्या वॉर्डाला १,९२० पौंड. प्रत्येक पत्रकावर छापणारा आणि प्रकाशित करणारा यांचं नाव-पत्ता हवाच. खजिनदार काटेकोर माणूस निवडा आणि त्याचा शब्द शेवटचा माना. एखाद्या व्यक्तीकडून पक्षाला ५०० पौंडांवरची देणगी तिचं नाव ब्रिटनच्या मतदार यादीत असेल तरच घेता येते. पुण्याच्या काकांनी प्रेमानं पाठवलेले पैसे परत करावे लागतात.

मेमधल्या मतदानासाठी एप्रिलमध्ये टपाली मतपत्रिका घरोघर पोहोचतात, म्हणून शेवटचं मोठं पत्रक त्याच्या आधी पडलं पाहिजे. कुणी म्हातारं माणूस "माझं पाकीट तेवढं नेऊन टाक" म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. कार्यकर्त्यानं परक्याचं टपाली मत हाताळायला आता कायद्यानं बंदी आहे. मतदानाच्या गुरुवारी केंद्रं सकाळी सात ते रात्री दहा उघडी असतात. केंद्राबाहेर हिरवं रोझेट (फितीचा बिल्ला) लावून दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा. मत देऊन येणाऱ्याला यादीतला क्रमांक विचारता येतो, सांगायचं की नाही ही त्याची मर्जी. संध्याकाळपर्यंत आपल्या नोंदीतल्या कुणाचं मत अजून पडलं नाही ते कळतं आणि उरलेले तास त्यांच्या दारात घालवायचे. वीस-तीस मतांनी जागा जाते-येते, तेव्हा रात्री नऊलाही दार वाजवा.

निकालानंतरच्या शनिवारी आभाराचं छोटं पत्रक त्याच गल्ल्यांत गेलं पाहिजे, जिंकलो तरी आणि हरलो तरी. खर्चाचा हिशेब ३५ दिवसांत द्यायचा. कौन्सिलकडून शुल्क भरून खुणा केलेली मतदार यादी मागवा. कुणी मत दिलं, कुणी नाही, हे त्यात दिसतं; कुणाला दिलं ते अर्थातच नाही. ती यादी आपल्या नोंदींशी ताडून बघायला दोन माणसं बसवा, आणि जूनच्या बैठकीची तारीख मतमोजणीच्या आधीच जाहीर करून ठेवा.