ओलं-कोरडं व्हॅक्यूम: घेण्यापासून जपण्यापर्यंत

घरात एखादी भिंत फोडली की जी धूळ बसते ती झाडूने जात नाही, फक्त या खोलीतून त्या खोलीत जाते. सुतारकामाच्या भुशाचंही तेच. आणि पावसाळ्यात शटरखालून पाणी आत आलं, की फडकी पिळून पिळून हात दुखतात. या तिन्ही कामांना ओलं-कोरडं व्हॅक्यूम हे एकच यंत्र पुरतं. घरातल्या साध्या व्हॅक्यूमने पाणी ओढू नका. त्यात ओढलेली हवाच मोटर थंड करते, त्यामुळे पाणी सरळ मोटरमध्ये जातं. ओल्या-कोरड्यात मोटरला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते.

घेताना

घर आणि छोटी कार्यशाळा मिळून 20 ते 30 लिटरचा ड्रम बरा. 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो वजन. ते उचलून ओतणं कठीण, म्हणून तळाशी पाणी सोडायचं बूच आहे ना ते बघा. वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. वॅट म्हणजे मशीन खाते ती वीज. ओढ किलोपास्कलमध्ये लिहिलेली असते. 20 किलोपास्कल म्हणजे साधारण 2 मीटर उंच पाणी पेलण्याइतकी ओढ. रंधा चालवत असाल तर नळी जाड घ्या, बारीक नळीत ढलप्या अडकून बसतात.

दुकानात एक प्रश्न नक्की विचारा: फिल्टर आणि पिशव्या सुट्या मिळतात का? उत्तर गुळमुळीत आलं तर ते मशीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विजेची जोडणी

1400 वॅटचं मशीन 230 व्होल्टवर सुमारे 6 अँपिअर ओढतं. लहान प्लगची मर्यादाच तेवढी, त्यामुळे 16 अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच लावा. बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड गरम होतो. पाण्याचं काम करणार असाल तर घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या आणि पायात रबरी चप्पल ठेवा. पाणी प्लगपर्यंत चढलं असेल तर मेन स्विच बंद करा. तिथे हे मशीन चालवायचंच नाही.

कोरडं काम

ड्रम आतून पूर्ण कोरडा हवा. आधी पिशवी लावा, मग घड्यांचा फिल्टर. याबाबतीत मी स्वतः फटका खाल्ला आहे. सकाळी तुंबलेल्या मोरीचं पाणी ओढलं, दुपारी फिल्टर बदलला आणि छताचं काम करताना सांडलेली पीओपीची पावडर ओढायला लागलो. ड्रम पुसला नव्हता, पिशवीही लावली नव्हती. थोड्याच वेळात ओढ बसली. झाकण उघडलं तर फिल्टरच्या घड्यांमध्ये पीओपी खडूसारखं घट्ट धरलेलं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हळूच टोकरलं, तर कागदच फाटून हातात आला. सिमेंटही असंच धरतं. पीओपी, सिमेंट, पुट्टी यांना पिशवी लागतेच.

ओढ कमी वाटली तर मशीन बंद करा, फिल्टर बाहेर नेऊन हलक्या हाताने आपटा. धुता येतो असं त्यावर लिहिलं असेल तरच धुवा.

भिंतीला भोक पाडताना घरातल्या दुसऱ्या माणसाने नळीचं तोंड ड्रिलच्या अगदी खाली धरलं, तर धूळ जमिनीवर येतच नाही. सँडरला (लाकूड घासून गुळगुळीत करायच्या यंत्राला) नळी जोडता येत असेल तर जोडाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. व्हॅक्यूम असलं तरी मास्क लावायचाच.

ओलं काम

पिशवी आणि कागदी फिल्टर काढा, फोमचा फिल्टर चढवा. ड्रम भरत आला की आतला तरंगता गोळा वर येऊन हवेची वाट बंद करतो आणि मोटरचा आवाज एकदम चिरका होतो. तो आवाज आला की लगेच बटण बंद करा. साबणाच्या फेसापासून मात्र सावध राहा. फेस हलका, तो गोळ्याला उचलत नाही आणि थेट मोटरकडे जातो. काम संपल्यावर नळीचं तोंड उंच धरून काही सेकंद मशीन चालू ठेवा, म्हणजे नळीतलं पाणी ड्रममध्ये उतरतं.

स्प्लिट एसी घरात टपकत असेल तर बहुतेक वेळा निचऱ्याच्या पाईपमध्ये गाळ बसलेला असतो. एसी बंद करा, पाईपचं बाहेरचं टोक व्हॅक्यूमच्या नळीत घाला, सांध्याभोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळा आणि दोन मिनिटं ओढा. गुडगुड आवाज होऊन शेवाळी चोथा आत येतो. मग अर्धा तास एसी चालवून पाणी बाहेर पडतंय का बघा.

हे कधीही ओढू नका

पेट्रोल, थिनर, फटाक्यांची दारू, गरम राख, धुमसती उदबत्ती, ॲल्युमिनियमचा बारीक कीस. आत मोटरच्या ठिणग्या असतात आणि हवेचा झोत असतो, आग लागायला तेवढं पुरे.

ठेवताना

ओलं काम झालं की ड्रम धुवा, फोम पिळून सावलीत वाळवा आणि झाकण रात्रभर उघडं ठेवा. झाकण लावून ठेवलेल्या ओल्या ड्रमला दोन दिवसांत कुबट वास येतो आणि तो सहज जात नाही. नळी उभी टांगा.

काही वर्षांनी मोटर मध्येच बंद पडू लागली, ठिणग्या जास्त दिसू लागल्या किंवा जळका वास आला, तर बहुधा कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे, झिजलेले असतात. ते जोडीने बदलायचे असतात, आणि मोटर दुरुस्त करणारा कुठलाही कारागीर ते बदलून देतो. नवा ब्रश आणायला जाताना जुना सोबत न्या, मापाचा मिळतो.